मसीहा कोण? ज्यू आणि ख्रिस्ती श्रद्धांविषयीचे गैरसमज

मसीहावर ज्यूंचीही श्रद्धा आहे आणि ख्रिस्ती लोकांचीही. ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात, ते मुळात ज्यूंचेच धर्मग्रंथ. म्हणून ‘ज्यूंनी येशूला मानले नाही, एवढाच काय तो फरक’ असे सर्रास म्हटले जाते. खरा फरक त्याच्याही आधी सुरू होतो. मसीहाने येऊन करायचे काय, याविषयीच दोन्ही धर्मांचे म्हणणे वेगळे आहे.

गैरसमज : ज्यू ज्याची वाट पाहतात, तो मसीहा देवच असेल.

वस्तुस्थिती : ज्यू धर्मात मसीहा हा माणूसच आहे. प्राचीन इस्राएलात राजांना आणि याजकांना तेलाचा अभिषेक होत असे. असा अभिषिक्त तो मसीहा. यशयाच्या ग्रंथात हा मान इराणचा परधर्मी सम्राट सायरस यालाही दिला आहे, कारण बाबेलमध्ये नेलेल्या ज्यूंना मायदेशी परतण्याची मोकळीक त्याने दिली. बाराव्या शतकातले धर्मपंडित मायमोनिडीस यांनी मसीहाची कसोटी स्पष्ट सांगून ठेवली आहे. तो दावीद राजाच्या वंशातला असेल, तोरा म्हणजे धर्मशास्त्र पाळेल, जेरुसलेमचे मंदिर पुन्हा उभारेल, विखुरलेल्या इस्राएलला एकत्र आणेल. चमत्कार त्याने केलेच पाहिजेत असे नाही. मात्र हे कार्य तडीस न नेता तो मारला गेला, तर तो मसीहा नव्हे. मायमोनिडीस दाखला देतात तो बार कोखबाचा. रोमनांविरुद्ध इ.स. १३२ ते १३५ या काळात झालेल्या उठावाच्या या नेत्याला रब्बी अकिवांसारख्या ज्ञानी पुरुषानेही मसीहा मानले होते. तो मारला गेला आणि ती आशा तिथेच संपली.

गैरसमज : ज्यूंनी येशूला निव्वळ हट्टाने नाकारले.

वस्तुस्थिती : येशू स्वतः ज्यू होता आणि त्याचे पहिले अनुयायीही ज्यूच होते. ज्यांनी त्याला मानले नाही, त्यांच्या मते मसीहाकडून अपेक्षित कार्य पूर्ण झाले नव्हते. जगात शांती आली नव्हती, उलट इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिरच जमीनदोस्त केले. ख्रिस्ती श्रद्धेचे यावर उत्तर असे, की मसीहाचे मरण हे अपयश नसून त्याचे कार्यच होते. मानवाच्या पापांसाठी तो मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि देवाचे राज्य पूर्ण करायला पुन्हा येणार आहे. यशयाच्या ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक ख्रिस्ती लोकांना येशू वाटतो. राशी या ज्यू भाष्यकाराच्या मते तो सेवक म्हणजे खुद्द इस्राएलची प्रजा.

गैरसमज : येशू हा देवाच्या अनेक अवतारांपैकी एक, आणि ख्रिस्ती तीन देव मानतात.

वस्तुस्थिती : ख्रिस्ती श्रद्धेत देव एकच आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्याचे त्रैक्य. देवाचे देहधारण एकदाच झाले, पुन्हापुन्हा होत नाही. येशू पूर्ण देव आणि पूर्ण मानव, असे ४५१ साली कॅल्सिडॉनच्या परिषदेने मांडले. ज्यू श्रद्धेला नेमके हेच मान्य नाही. देवाला देह नाही, हे मायमोनिडीस यांच्या तेरा श्रद्धातत्त्वांपैकी एक आहे.

गैरसमज : येशूचे देवत्व ३२५ साली नीकियाच्या परिषदेत मतदानाने ठरले.

वस्तुस्थिती : या परिषदेच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती लोक येशूची भक्ती करत होते. प्रेषित पौलाच्या पत्रांत, म्हणजे पहिल्या शतकाच्या मध्यालाच, त्याला प्रभू म्हटले आहे. ख्रिस्ती लोक ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रे गातात, असे रोमन अधिकारी प्लिनी याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी सम्राट ट्राजनला कळवले होते. नीकियात वाद होता तो एरियसच्या मताचा. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, असे तो म्हणे. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय परिषदेने दिला.

गैरसमज : ज्यूंना आता मसीहाचे काही वाटत नाही.

वस्तुस्थिती : पारंपरिक ज्यूंच्या रोजच्या प्रार्थनेत दावीदाच्या वंशजासाठी मागणे असते. सुधारणावादी ज्यूंपैकी अनेक जण मात्र एका व्यक्तीऐवजी न्यायाच्या आणि शांतीच्या युगाची आशा धरतात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात मसीहाची आशा ताटात दिसते. मलिद्याच्या विधीत पोहे, खोबरे, साखर आणि फळे मांडून एलियाहू हन्नाबीचे स्मरण केले जाते. मसीहाच्या आधी येऊन वर्दी देणारा तो हाच संदेष्टा. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्याचा रथ टेकला, अशी या समाजाची श्रद्धा आहे. ख्रिस्ती शुभवर्तमानानुसार एलियाहूची ती भूमिका बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने पार पाडली. ज्यूंसाठी एलियाहू अजून यायचा आहे.

गैरसमज : ज्यूंनी येशूला मारले.

वस्तुस्थिती : क्रूस ही रोमन शिक्षा होती आणि ती रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने झाली. काही ज्यू पुढाऱ्यांनी येशूच्या मरणासाठी जोर लावला, असे शुभवर्तमाने सांगतात. त्यावरून सबंध समाजावर ठपका ठेवला गेला. या आरोपाने युरोपात शतकानुशतके ज्यूंचे बळी घेतले. तो दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येत नाही, असे कॅथलिक चर्चने १९६५ साली व्हॅटिकन परिषदेत जाहीर केले.

मसीहाविषयी या दोन धर्मांचे एकमत होणार नाही आणि तसे व्हायलाच हवे असेही नाही. पण एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या मापाने मोजून त्याला आंधळा किंवा अपराधी ठरवणे किती महागात पडते, हे इतिहासाने दाखवले आहे. म्हणून ज्यूंचे म्हणणे ज्यूंकडून आणि ख्रिस्ती लोकांचे म्हणणे ख्रिस्ती लोकांकडूनच समजून घेतले पाहिजे.