विश्लेषण : ‘कावळा-चिमणी’च्या गोष्टीतून इंग्रजी शिकता येते?

परळमध्ये केईएम, टाटा रुग्णालयांच्या पाट्यांपासून गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरपर्यंत इंग्रजी सर्वत्र दिसते. मराठी शाळेत जाणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी मात्र ती बोलली जात नाही. ‘मराठी शाळेत घातले तर इंग्रजीचे काय?’ या चिंतेपोटी अनेक पालक माध्यमच बदलतात. म्हणून गोष्टींतून इंग्रजी शिकवण्याची पद्धत समजून घ्यायला हवी.

पहिलीपासून इंग्रजी, तरी अडचण का?

राज्यात २००० पासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. पण अनेकदा मुले फळ्यावरचे सुटे शब्द उतरवतात आणि त्यांचे अर्थ पाठ करतात. पूर्ण वाक्ये कानावर पडतच नाहीत. मग शब्द येतात, बोलता येत नाही.

गोष्टीने काय साधते?

शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी थांबायला सांगते : बाळाला कपडे घालतेय, भरवतेय. हेच इंग्रजीत सांगताना ‘वेट, आय ॲम ड्रेसिंग माय बेबी’, ‘वेट, आय ॲम फीडिंग माय बेबी’ असा एकच शब्द बदलतो. साचा तोच राहिल्याने थोड्याच वेळात मुले वाक्य स्वतः पुरे करू लागतात. समजेल असे आणि किंचित पुढचे बोलणे ऐकत भाषा आत्मसात होते, अशी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांची मांडणी आहे. इथे तर गोष्ट आधीच ठाऊक असते.

वर्गात कसे करावे?

गोष्ट आधी मराठीत सांगावी, मग हावभाव आणि चित्रांसह इंग्रजीत. प्रत्येक वाक्याचे भाषांतर करू नये. दुसऱ्या दिवशी मुलांनी कावळा-चिमणी व्हावे. नव्या गोष्टींसाठी प्रथम बुक्सचे २०१५ मध्ये सुरू झालेले ‘स्टोरीवीव्हर’ हे व्यासपीठ आहे. तिथे मराठी व इंग्रजी पुस्तके मोफत मिळतात.

मर्यादा कोणत्या?

केवळ ऐकून वाचन येत नाही. अक्षर-ध्वनींची ओळख आणि लेखनाचा सराव वेगळा करून घ्यावाच लागतो. गोष्ट संपताच प्रश्नोत्तरे लिहायला लावली, तर तिचाही धडा होतो.

पालकांना इंग्रजी येत नसेल तर?

तरीही त्यांचा वाटा मोठा आहे. घरी आजीने मराठीत सांगितलेली गोष्ट हीच वर्गातल्या इंग्रजी गोष्टीची पूर्वतयारी असते.