साखरपुड्याची छायाचित्रे आणि रस्त्याचा हिशेब

साखरपुडा या शब्दातच त्या विधीचा मूळ खर्च सांगितलेला आहे. वरपक्षाने वधूला साडी-कुंकू करावे, तिच्या हाती साखरेचा पुडा द्यावा आणि चार वडीलधाऱ्यांच्या साक्षीने शब्द पक्का व्हावा, एवढेच त्याचे स्वरूप होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या काळात एका नव्या विधीची भर पडली आहे. नियोजित वधूवरांनी छायाचित्रकाराला बरोबर घेऊन एखाद्या देखण्या स्थळी जायचे, दोन-तीन वेळा पोशाख बदलायचा आणि अर्धा-पाऊण दिवस छायाचित्रे व चलच्चित्रे काढून घ्यायची, असा हा विधी. त्याला मराठी नाव अजून मिळालेले नाही. ‘प्री-वेडिंग शूट’ हाच शब्द घरोघर रुळला आहे. मुंबईत या विधीचे जणू क्षेत्रस्थान बनला आहे तो फोर्ट विभाग.

हौसेला मोल नसते असे म्हणतात. अर्थशास्त्राला हे मान्य करता येत नाही. मोल असतेच, ते कोण देतो आणि ते बिलात दिसते की नाही, एवढाच प्रश्न असतो. या छायाचित्रांच्या बाबतीत तो प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

फोर्टच का?

एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय ज्या वास्तूत आहे तो टाउन हॉल १८३३ साली पुरा झाला. त्याच्या रुंद पायऱ्या आणि भव्य खांब पश्चिमेला, हॉर्निमन सर्कलच्या बागेकडे तोंड करून आहेत. त्यामुळे दुपार कलल्यानंतरचे ऊन त्यांच्यावर चांगले पडते. १९२४ साली खुला झालेला गेटवे ऑफ इंडिया बंदराच्या काठावर, पूर्वेच्या बाजूला आहे. तेथे सूर्योदयाची वेळ साधावी लागते. मरीन ड्राइव्ह पश्चिमेला, म्हणून तेथे सूर्यास्त. गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीच्या भरावावर पहिल्या महायुद्धाच्या काळात उभे राहिलेले बॅलार्ड इस्टेट हा कचेऱ्यांचा भाग. रविवारी तेथील रस्ते मोकळे असतात. छायाचित्रकाराचे दिवसभराचे वेळापत्रक सूर्य आणि सुटीचा वार यांवरून असे ठरते.

हे सौंदर्य जगाने मान्य केलेले आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा समावेश २००४ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह यांच्या परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समावेश २०१८ साली झाला. डोंबिवलीच्या किंवा विरारच्या तरुण जोडप्याला एका लोकलच्या तिकिटात एवढे वैभव पार्श्वभूमी म्हणून लाभत असेल, तर ते तेथे येणार हे स्वाभाविक आहे. खाजगी उद्यानाला किंवा रिसॉर्टला प्रवेशमूल्य असते, रस्त्याला नसते.

या हौसेला केवळ नाके मुरडणे न्यायाचे होणार नाही. छायाचित्राची हौस आजची नव्हे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली होती. सर व्हिक्टर ससून यांनी १९२८ साली सुरू केलेला हॅमिल्टन स्टुडिओ याच बॅलार्ड इस्टेटमध्ये नावारूपाला आला. सामान्य माणूस आपल्या गावच्या स्टुडिओत जाई आणि पडद्यावर रंगवलेल्या महालापुढे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राही. रंगवलेल्या खांबांच्या जागी आता खरे खांब आले, एवढाच काय तो फरक.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या या शहरात तरुण जोडप्याला एकांत मिळाला तो रस्त्यावरच. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसायचे आणि ओळखीचे कोणी दिसले की मान फिरवायची, ही कित्येक पिढ्यांची रीत. त्याच कठड्यावर बसलेल्या जोडप्याचे छायाचित्र आज दोन्ही घरांच्या संमतीने काढले जाते आणि कौतुकाने नातेवाइकांना दाखवले जाते. ठरवून केलेल्या विवाहात तर वधूवरांना एकमेकांच्या सहवासात घालवायला मिळालेला पहिला पुरा दिवस अनेकदा हाच असतो. काही समाजांच्या सभांनी अशा चित्रणावर बंदीचे ठराव केले आहेत. त्यांना खर्चाची चिंता आहे की या सहवासाची, हे त्या ठरावांतून नेहमीच स्पष्ट होत नाही. खर्चाची चिंता असेल तर ती रास्त आहे.

बिलातील खर्च

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली प्रदर्शनी उपभोगाची कल्पना मांडली. वस्तूच्या उपयोगापेक्षा ती इतरांना दिसावी यासाठी केलेला खर्च, असा तिचा अर्थ. पुढे १९७६ साली फ्रेड हर्ष यांनी दाखवून दिले की, काही वस्तूंचे मूल्य त्या इतरांजवळ नाहीत यावरच अवलंबून असते. अशा वस्तूंच्या मागे सारेच लागले की प्रत्येकाचा खर्च वाढतो आणि कोणाचेही समाधान वाढत नाही. लग्नाआधीच्या छायाचित्रांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते. पहिल्या जोडप्याने टाउन हॉलच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढले तेव्हा ते वेगळे दिसले. शंभराव्या जोडप्याला वेगळे दिसण्यासाठी धुराच्या नळकांड्या, भाड्याचा झगा, जुनी मोटार आणि आकाशातून चित्रण करणारे ड्रोन लागते. एवढे करूनही ते एकशेएकाव्यासारखेच दिसते.

नोकरदार घराच्या दृष्टीने हिशेब मांडून पाहावा. समजा, पोशाख, प्रसाधन, वाहन आणि छायाचित्रकार मिळून साठ हजार रुपये लागले. महिना तीस हजार हाती येणाऱ्या तरुणाची ही दोन महिन्यांची कमाई झाली. ती रक्कम क्रेडिट कार्डावर थकली आणि व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के धरला, तर पहिल्याच महिन्याचे व्याज दोन हजार शंभर रुपये होते. वर्षभर नुसते व्याज भरत राहिले तरी पंचवीस हजार दोनशे रुपये जातात आणि मुद्दल जागच्या जागी उभे असते. हे जोडपे संसाराला लागते ते पहिला हप्ता डोक्यावर घेऊन. पुष्कळदा तर हा भार मुलीच्या वडिलांवर टाकला जातो. मागणीला हुंडा म्हणायचे नाही, ‘मुलांची हौस’ म्हणायचे, एवढी काळजी फक्त घेतली जाते.

बिलाबाहेरचा खर्च

दुसरा खर्च कोणत्याच बिलात येत नाही. मुंबईत वारसावास्तूंच्या जतनाची नियमावली १९९५ साली लागू झाली. वास्तूच्या मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही, पाडून उंच इमारत बांधता येत नाही. दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच्यावर किंवा सरकारी तिजोरीवर पडतो. ज्या दर्शनी भागासमोर छायाचित्रे निघतात तो असा कोणाच्या तरी खर्चाने आणि कोणाच्या तरी त्यागाने टिकलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो फुकट पाहावा हे योग्यच आहे. सार्वजनिक सौंदर्याचे प्रयोजनच ते. परंतु जो त्याच्या आधारावर धंदा करतो त्याने देखभालीला काहीच हातभार लावू नये, हे योग्य म्हणता येणार नाही.

याहून गंभीर बाब माणसांची आहे. चित्रण सुरू झाले की पायऱ्यांवर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माणसाला उठवले जाते. झाडणाऱ्या कामगार स्त्रीला थांबवले जाते, डबा खाणाऱ्या हमालाला ‘फ्रेममधून बाजूला व्हा’ असे सांगितले जाते. पदपथ पाऊण तास अडतो आणि म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरून वाहनांतून वाट काढावी लागते. ज्यांच्या श्रमावर हा भाग रोज उभा राहतो त्यांना वगळून त्याचे चित्र काढायचे, आणि तेही त्यांच्याच रस्त्यावर, हा उघड अन्याय आहे. रस्ता सर्वांचा याचा अर्थ तो आधी आलेल्याचा किंवा मोठा कॅमेरा आणणाऱ्याचा असा होत नाही.

उपाय कोणता?

बंदी हा उपाय नव्हे. ती घातली तर मोठे लोक राजवाड्यांत जातील आणि लहानांची तेवढी अडवणूक होईल. चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी परवानगी, शुल्क आणि बंदोबस्त यांची रीत आहे; हौशी प्रवाशाला कशाचीच गरज नाही. लग्नाचे छायाचित्रकार या दोहोंच्या मध्ये कोठे तरी लोंबकळतात. एके ठिकाणी रखवालदार हटकतो, दुसरीकडे कोणीच विचारत नाही. जेथे दर लिहिलेला नसतो तेथे चिरीमिरीचा दर आपोआप ठरतो. म्हणून साधा कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन आलेल्या जोडप्याला पूर्ण मोकळीक असावी. तिपाई, दिवे आणि मदतनीस घेऊन येणाऱ्या व्यावसायिकाकडून मात्र अल्प, फलकावर लिहिलेले आणि पावतीवर मिळणारे शुल्क घ्यावे. ते त्याच वास्तूच्या झाडलोटीला, दुरुस्तीला आणि शेजारच्या स्वच्छतागृहाला लावावे. कपडे बदलायला जागा नाही म्हणून मुलींना मोटारीच्या मागच्या आसनावर आडोसा करावा लागतो, ही या सुंदर विभागाला शोभणारी गोष्ट नाही.

सरकारी नियमांनीच सर्व होते असे नाही. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी कुरणे, जंगले आणि पाटबंधारे यांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, सामायिक संपत्ती उजाड होणे अटळ नसते. वापरणारेच नियम करतात आणि ते पाळले जातात की नाही यावर नजर ठेवतात, तेथे ती टिकते. छायाचित्रकारांना हे अवघड नाही. एका वेळी एकच चमू, प्रत्येकाला ठरावीक वेळ, पदपथाचा अर्धा भाग सदैव मोकळा, धूर आणि कागदी भिरभिरे वर्ज्य, एवढे त्यांनी आपसांत ठरवले तरी निम्मा त्रास वाचेल. ड्रोनसाठी तर २०२१ चे नियम आहेत. शेजारी नौदलाची गोदी असलेल्या भागात ते परवानगीशिवाय उडवण्याची हौस अंगाशी येऊ शकते. हुतात्मा चौकात कॅमेरा लावताना, संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांचे ते स्मारक आहे याचेही भान असावे.

शेवटचा निर्णय अर्थातच वधूवरांचा. संसारातील पहिले अंदाजपत्रक म्हणून त्यांनी या दिवसाकडे पाहावे. खर्चाची मर्यादा दोघांनी आधी ठरवावी, ती दोघांच्या कमाईतून भागवावी, आईवडिलांपुढे हात पसरू नये आणि कर्ज काढू नये. एक स्थळ, एक-दोन पोशाख आणि पहाटेचे किंवा उतरत्या उन्हाचे दोन तास चांगल्या छायाचित्राला पुरेसे असतात. पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला न उठवता, त्याला चित्रात राहू देऊनही ते काढता येते. खर्च कोणी ठरवायचा, कोणाच्या पैशाने करायचा आणि इतरांना त्याची किती झळ लागू द्यायची, हे तीन प्रश्न पुढे आयुष्यभर त्या दोघांसमोर येणार आहेत. त्यांची उत्तरे एकत्र बसून शोधण्याची सवय त्यांना या निमित्ताने लागली, तर साखरपुड्यात दिलेल्या शब्दाचा अर्थ त्यांना कळला असे म्हणता येईल.