प्रसूतिगृहातील भेटीचे नियम आणि संसर्गाचा मार्ग

प्रसूतिगृहाच्या दारावरील फलकावर बहुधा दोन प्रकारचे नियम एकत्र लिहिलेले आढळतात. भेटीची वेळ कोणती, एका खाटेपाशी किती माणसांनी जावे, लहान मुलांना आत आणावे की नाही, हा एक प्रकार. हात धुवावेत, सर्दी-खोकला असलेल्याने येऊ नये, अर्भकाचे मुके घेऊ नयेत, हा दुसरा. पहिल्याने माणसांची संख्या आवरली जाते. दुसऱ्याने संसर्गाचा मार्ग अडविला जातो. दोहोंचे कार्य एकच आहे असे आपण सहसा गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्यास व्हिएन्ना येथील सुप्रसिद्ध उदाहरणाइतके उपयुक्त दुसरे उदाहरण नाही.

तेथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. 1846 साली पहिल्या विभागात 4010 प्रसूतींमागे 459 माता दगावल्या, म्हणजे शेकडा 11.4, दुसऱ्या विभागात हेच प्रमाण शेकडा 2.8 होते. ही गोष्ट शहरातील गरीब स्त्रियांना पुरती ठाऊक होती, आणि पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या विनवण्या करीत. तेथे साहाय्यक असलेल्या इग्नाट्स सेमेलवाइस यांनी प्रचलित कारणे एकेक करून तपासली. गर्दी हे कारण म्हणावे, तर दुसऱ्या विभागातच ती अधिक असे. मरणासन्न स्त्रीकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागातील दालनांमधून जाई, त्याच्या भीतीने ताप येत असावा, असाही एक तर्क होता. सेमेलवाइस यांनी त्यास वळसा घेऊन, घंटेवाचून जाण्यास सांगितले. मृत्यूंत काहीही फरक पडला नाही. आजच्या भाषेत बोलावयाचे, तर बाहेरून येणाऱ्यावर घातलेला हा एक निर्बंधच होता, आणि तो सर्वस्वी निष्फळ ठरला.

मार्च 1847 मध्ये त्यांचे सहकारी प्राध्यापक कोलेच्का हे शवविच्छेदनाच्या वेळी बोटास झालेल्या जखमेने मरण पावले. त्यांच्या शरीरातील विकृती सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांतील विकृतीसारखीच होती. यावरून सेमेलवाइस यांनी जाणले की, शवविच्छेदनगृहातून थेट प्रसूतिकक्षात येणारे विद्यार्थ्यांचे व वैद्यांचे हात हेच रोगाचे वाहन होय. मे महिन्याच्या मध्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती झाली. एप्रिलमध्ये शेकडा 18 च्या वर गेलेला मृत्यूचा आकडा जुलैमध्ये 1.2 वर आला. 1848 या संपूर्ण वर्षात दोन्ही विभागांचे आकडे 1.27 व 1.33 असे जवळजवळ एक झाले.

या हकीकतीचा पुढील भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. ऑक्टोबर 1847 मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित अशी एक स्त्री प्रसूतीसाठी दाखल झाली. तपासणी तिच्यापासून सुरू होई. वैद्य कक्षात शिरताना हात धूत, परंतु एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना केवळ साबण-पाणी लावीत. तिच्यासमवेत प्रसूत होणाऱ्या 12 स्त्रियांपैकी 11 दगावल्या. तेव्हापासून क्लोरिनची धुणी प्रत्येक तपासणीनंतर करण्याचा नियम झाला. म्हणजे संसर्गाची सीमारेषा दालनाच्या दारापाशी नसून प्रत्येक खाटेपाशी आहे, हे त्या 11 मृत्यूंनी दाखविले.

मग भेटीस येणारा निर्दोष समजावयाचा काय? तसेही नाही. 1879 साली पाश्चर यांनी सूतिकाज्वराशी निगडित साखळीसारखे जंतू दाखविले, आणि 1930 नंतरच्या दशकात लंडन येथे डोरा कोलब्रुक यांनी केलेल्या संशोधनात या जंतूंचा उगम पुष्कळदा परिचारकांच्या, तसेच बाळंतिणीच्या वा तिच्या घरच्या माणसांच्या घशात सापडला. इन्फ्लुएन्झा, डांग्या खोकला, ओठांवरील नागिणीसारखे फोड यांपासून अर्भकास असलेला धोकाही खरा आहे. परंतु हा धोका घशाचा, श्वासाचा व हातांचा आहे. नात्याचा वा घड्याळातील वेळेचा नव्हे. सर्दी झालेली परिचारिका आणि सर्दी झालेली आत्या यांत जंतू भेद करीत नाहीत.

आपल्याकडील परंपरागत व्यवहारातही हीच विसंगती होती. सोयराचे दहा दिवस बाळंतिणीला कोणी शिवावयाचे नाही; खोली वेगळी, बाज वेगळी. या विलगीकरणात काही शहाणपण असेलही. परंतु जी सुईण आत जाई तिच्या हातांविषयी, नाळ कापण्याच्या हत्याराविषयी, आणि ठिकठिकाणी नाळेवर लावल्या जाणाऱ्या राखेविषयी वा शेणाविषयी नियम नव्हता. अर्भकांचा धनुर्वात त्या वाटेने येई. स्वच्छ प्रसूती व मातांचे लसीकरण यांमुळे 2015 साली भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले.

आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत आणखी एक गुंतागुंत आहे. येथे बाळंतिणीपाशी आलेली आई वा जाऊ ही केवळ भेटीस आलेली नसते. ती डबा आणते, बाळंतिणीला उठवून बसविते, बाळाची दुपटी बदलते. शुश्रूषेचा बराच भाग तिच्याकडे असतो. भेटीच्या वेळेचा नियम तिला पाहुणी समजतो, आणि म्हणूनच तो रोज मोडला जातो. केंद्र शासनाने 2016 साली प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली, तेव्हा तिला संसर्गजन्य रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने इतर स्त्रियांकडे जाऊ नये, अशा अटी घातल्या. शेवटची अट विशेष लक्षणीय आहे; खाटेखाटेमधील मार्ग तीच तोडते.

2020 मध्ये कोविडच्या साथीत जगभर अनेक प्रसूतिगृहांनी सोबतीस सरसकट मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र, प्रसूत होणारी स्त्री कोविडग्रस्त असली तरी तिच्या पसंतीची सोबत तिला मिळावी, हीच भूमिका ठेवली. त्या काळातील मनाई अनाकलनीय होती असे म्हणता येणार नाही. परंतु तिचे मोल एकटीने कळा सोसणाऱ्या स्त्रीने दिले. एखाद्या प्रसूतिगृहाच्या नियमांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने फलकाची नक्कल उतरवून न थांबता, दोन खाटांच्या मध्ये पाण्याचा नळ किती पावलांवर आहे, तेथे साबण असतो काय, आणि वैद्य, परिचारिका व सोबतीण यांपैकी कोण तेथवर जाते, याची नोंद करावी.