चीनमधील लग्नाचे आमंत्रण

भारतातून बरेच विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी चीनमध्ये गेले आहेत. व्यापारासाठीही आपली माणसे तिकडे जातात. समजा, पुढे तुम्हीही तिकडे गेलात आणि एखाद्या चिनी मित्राने तुमच्या हातात लाल पत्रिका ठेवली. तिच्यावर सोनेरी रंगात एक अक्षर छापलेले असेल. चिनी भाषेत 'शी' म्हणजे आनंद. हेच अक्षर शेजारी शेजारी दोनदा जोडून लग्नाचे चिन्ह बनते. दारावर, खिडकीवर, मोटारीवर, मिठाईच्या डबीवर, सगळीकडे ते दिसते.

कायद्याने लग्न बहुधा आधीच झालेले असते. मुलाचे वय 22 आणि मुलीचे 20 पूर्ण झाल्यावर दोघे सरकारी कार्यालयात नोंदणी करतात आणि त्यांना लाल रंगाची दोन छोटी पुस्तके मिळतात. पण नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने खरे लग्न म्हणजे मेजवानीचा दिवस.

आता आहेराचा विचार करा. आपल्याकडे आहेराच्या रकमेवर एक रुपया जास्त ठेवतात. 100 नव्हे, 101 देतात. चीनमध्ये नेमके उलट आहे. तेथे सम संख्या शुभ मानतात, कारण लग्न म्हणजे जोडी. पैसे लाल पाकिटात घालून देतात. 600 किंवा 800 युआन चांगले, पण 400 चालणार नाहीत. चिनी भाषेत 'चार' आणि 'मरण' या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत. आठाचा उच्चार मात्र 'भरभराट' या शब्दाशी जुळतो, म्हणून आठ सर्वांना प्रिय. 250 ही रक्कमही कधी देऊ नका. तेथे 'दोनशे पन्नास' म्हणजे मूर्ख माणूस! नोटा कोऱ्या असाव्यात. पांढरे पाकीट तर मुळीच नको, कारण ते मयताच्या घरी देतात.

किती पैसे द्यावेत, हे गावागणिक बदलते. बरोबरच्या चिनी मित्राला विचारावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. दाराशी मेजावर वही घेऊन कोणीतरी बसलेले असते. काही ठिकाणी तुमच्या समोरच पाकीट उघडून रक्कम लिहून घेतात. हा उद्धटपणा नव्हे. उद्या तुमच्या घरी लग्न असेल, तेव्हा तेवढाच किंवा थोडा जास्त आहेर परत करायचा, म्हणून ती नोंद असते. आपल्याकडच्या आहेराच्या वहीसारखीच ही वही.

वस्तू द्यायची असेल, तर घड्याळ देऊ नका. 'घड्याळ देणे' हे शब्द 'मरणाऱ्याची अखेरची सेवा करणे' या शब्दांसारखे ऐकू येतात. छत्रीही नको, तिचे नाव 'पांगणे' या शब्दाची आठवण करून देते. तुम्हांला हे गमतीचे वाटेल, पण घरातल्या आजीला अशी भेट अपशकुनाची वाटू शकते. कपडे निवडताना पूर्ण पांढरे किंवा काळे टाळावे. लाल रंग वधूचा, तोही तिच्यासाठीच सोडावा. गंमत अशी, की पांढरा हा शोकाचा रंग असूनही आजकालच्या कित्येक वधू आधी पाश्चात्त्य पद्धतीचा पांढरा झगा घालतात आणि मग लाल पोशाख करतात.

सकाळी वर वधूला आणायला जातो, तेव्हा तिच्या मैत्रिणी दार अडवतात. लाल पाकिटे मिळेपर्यंत त्या दार उघडत नाहीत. आपल्याकडे मेहुण्या नवऱ्या मुलाचे जोडे लपवतात; तेथे वधूचा जोडा लपवतात आणि वराला तो शोधावा लागतो. यानंतरचा चहाचा विधी शांत असतो. वधू आणि वर वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी चहा देतात. सून प्रथमच सासूसासऱ्यांना 'आई', 'बाबा' म्हणते. पाहुण्याने या वेळी बाजूला उभे राहावे.

मेजवानीत गोल मेजाभोवती साधारण दहा जण बसतात. दाराकडे तोंड असलेली जागा मानाची असते, म्हणून सांगितल्याशिवाय तिथे बसू नये. अख्खा मासा हमखास येतो, कारण 'मासा' आणि 'शिल्लक' यांचा उच्चार एकच. जेवायच्या काड्या भातात उभ्या खोचू नका. ते मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखे दिसते.

वधूवर प्रत्येक मेजापाशी येऊन पेला उंचावतात. हा क्षण नाजूक असतो. चिनी माणूस 'म्यान-झ' फार जपतो. या शब्दाचा मूळ अर्थ चेहरा. आपण त्याला इज्जत म्हणू. परदेशी पाहुणा आला, की यजमानाची इज्जत वाढते आणि त्याने तोंड फिरवले, तर चारचौघांत ती जाते. मग दारू न पिणाऱ्याने काय करावे? त्यासाठी चिनी लोकांचाच एक वाक्प्रचार आहे: 'यी छा दाय ज्यू', म्हणजे दारूऐवजी चहा. एवढे म्हणून चहाचा पेला दोन्ही हातांनी उचलावा. आपला पेला वडील माणसाच्या पेल्यापेक्षा थोडा खाली धरावा. मग कोणी रागावत नाही.

डुकराचे मांस खात नसाल, तर यजमानाला दोन दिवस आधीच सांगा. ऐन वेळी ताट बाजूला सारणे त्याला लागेल. डुकराची चरबी भाजीतही असू शकते, म्हणून स्पष्ट सांगणे बरे. 'छिंगचन' हा शब्द लक्षात ठेवा. हलाल खाण्याच्या दुकानांवर तो लिहिलेला असतो. चीनमध्ये हुई नावाचा मोठा मुस्लिम समाज आहे. त्यांच्या लग्नात इमाम निकाह पढवतात. त्यांना तेथे 'आहोंग' म्हणतात. मग वधूवरांवर खजुरासारखी लाल फळे आणि अक्रोड उधळतात. आपल्याकडे निकाहानंतर खारका वाटतात, त्याची आठवण येतेच.

जेवण संपले, की पाहुणे लगेच उठतात. गप्पा मारत रेंगाळण्याची पद्धत तेथे फारशी नाही. उरलेले पदार्थ डब्यात भरून नेणारेही दिसतील. निघताना वधूवरांना 'शिन हुन क्वाय ल' म्हणा, म्हणजे 'लग्नाच्या शुभेच्छा', आणि लग्नाच्या गोळ्यांची लाल डबी घ्यायला विसरू नका.