ट्रेसरची रेघ खरी केव्हा दिसते?

लढाऊ विमानांच्या सिम्युलेशन गेममध्ये बंदुकीचा घोडा दाबला की नाकासमोर लाल-पिवळ्या रेघांचा मारा सुरू होतो. त्या रेघा पाहून खेळाडूंचे दोन तट पडतात. एक म्हणतो, हे लेझर वाटते, गोळी अशी दिसत नाही. दुसरा महायुद्धातली जुनी फिल्म लावतो आणि म्हणतो, बघ, हुबेहूब अशीच दिसते. वाद मिटत नाही, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टींना खरे मानत आहेत. एकाला वैमानिकाच्या डोळ्यांना दिसणारे दृश्य हवे आहे, दुसऱ्याला कॅमेऱ्याने टिपलेले. या दोन दृश्यांत बराच फरक आहे आणि गेम बनवणाऱ्याला त्यांतले एक निवडावेच लागते.

सुरुवात गोळीपासून करू. अशी रेघ काढणाऱ्या ट्रेसर गोळीच्या बुडाशी एक पोकळी असते आणि तिच्यात जळणारे मिश्रण दाबून भरलेले असते. काडतुसातली दारू पेटली की तिच्याच ज्वाळेने हे मिश्रण पेट घेते आणि गोळी उडताना मागच्या बाजूने काही सेकंद जळत राहते. स्ट्रॉन्शियमच्या क्षारांमुळे लाल रंग येतो, बेरियममुळे हिरवा. फटाक्यांतले लाल आणि हिरवे रंगही याच दोन धातूंचे असतात. पाश्चात्त्य सैन्यांचे ट्रेसर बहुधा लाल आणि सोव्हिएत बनावटीचे बरेचसे हिरवे, हा भेद यातूनच येतो. उजेड बुडाशी असल्याने ज्याने गोळी झाडली त्याला तो सर्वांत चांगला दिसतो. शिवाय मिश्रण जळते तसे गोळीचे वजन घटते, त्यामुळे लांब पल्ल्यावर ट्रेसर आणि साधी गोळी एकाच वाटेने जात नाहीत.

आता एक ठरावीक विमान घेऊ: अमेरिकेचे पी-५१डी मस्टँग. डीसीएस, आयएल-२ ग्रेट बॅटल्स आणि वॉर थंडर या तिन्ही गेममध्ये ते उडवता येते. त्याच्या पंखांत अर्ध्या इंचाच्या सहा ब्राउनिंग मशीनगन असतात. आतल्या दोघींना प्रत्येकी ४०० गोळ्या, बाकी चौघींना प्रत्येकी २७०, एकूण १८८०. एक बंदूक मिनिटाला साधारण ८०० गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला तेरा-चौदा. गोळ्यांच्या पट्ट्यात दर पाचवी गोळी ट्रेसर आहे असे धरू. तर एका बंदुकीतून सेकंदाला अडीच-पावणेतीन ट्रेसर सुटतात. गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने निघते. भागाकार केला की कळते, एकाच बंदुकीच्या दोन लागोपाठच्या ट्रेसरमध्ये तीनशे मीटरहून जास्त अंतर असते.

हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वैमानिक साधारण तीनशे मीटरवरच्या विमानावर गोळ्या झाडत असेल, तर गोळीला तिथे पोचायला सेकंदाचा जेमतेम चार दशांश भाग लागतो. तेवढ्या काळात एका बंदुकीचा एखादाच ट्रेसर हवेत असतो. सहा बंदुकांचे मिळून पाच-सहा. सिनेमात दिसणारी ठिपक्यांची दाट माळ इथे नसतेच. एखाद्या गेममध्ये मस्टँगच्या नाकासमोर एका वेळी वीस-तीस चमकत्या रेघा दिसत असतील, तर एक तर तिथला पट्टा निव्वळ ट्रेसरचा आहे, किंवा चित्र मनोरंजनासाठी फुगवलेले आहे. रंग, झळाळी, धूर यांच्या आधी मी हेच मोजून पाहतो, कारण ही गणती चुकली तर बाकीचे कितीही सुंदर असले तरी उपयोग नाही.

मग जुन्या फिल्मचे काय? ती खोटी नाही, पण ती कॅमेऱ्याची साक्ष आहे. मस्टँगच्या डाव्या पंखाच्या मुळाशी १६ मिलिमीटर फिल्मचा गन कॅमेरा असायचा आणि तो बंदुकांबरोबरच चालू व्हायचा. फिल्मच्या एका चौकटीवर शटर उघडे असेतो जे घडते ते सगळे उमटते. समजा शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरते उघडे राहिले. तेवढ्यात गोळी सतरा मीटर पुढे गेलेली असते. म्हणून फिल्मवर ठिपका नाही, रेघ येते. त्यात बंदुकांच्या धक्क्याने पंख थरथरतो, कॅमेराही हलतो आणि सरळ जाणारा ट्रेसर फिल्मवर नागमोडी उमटतो. ती वळणे हवेत कधीच नव्हती. तीव्र उजेडाने फिल्म भाजून निघते, म्हणून गाभा पांढरा होतो आणि रेघ असते त्याहून जाड दिसते.

वैमानिकाच्या जागेवरून चित्र निराळे असते. बंदुका त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मीटरवर आणि नजरेच्या रेषेखाली. ट्रेसर बाजूने आत झेपावतो आणि पहिल्या पन्नास मीटरमध्ये, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याच्याही आत, दृष्टिक्षेत्रात झपाट्याने सरकतो. तेवढ्यापुरती रेघ दिसते. त्यानंतर गोळी जवळजवळ नजरेच्याच दिशेने दूर जात असते, त्यामुळे वेग प्रचंड असूनही ती जागच्या जागी थांबलेल्या, मंद होत जाणाऱ्या ठिपक्यासारखी दिसते. बाजूने पाहणाऱ्याला मात्र तीच गोळी लांब रेघ वाटते, कारण आपला डोळाही सेकंदाच्या काही शतांश भागांचा उजेड एकत्र करतो. अंधारात हा काळ वाढतो, म्हणून रात्री रेघा आणखी लांब दिसतात.

आता गेम हे कसे रेखाटतो ते पाहू. पडद्यावर सेकंदाला ६० चौकटी येतात असे धरले, तर दोन चौकटींच्या मध्ये गोळी चौदा मीटर सरकते. प्रत्येक चौकटीत नुसता ठिपका काढला तर बाजूने पाहताना सुटे सुटे ठिपके उड्या मारताना दिसतील. म्हणून गेम एक अरुंद, उजळ पट्टी काढतो, जी नेहमी प्रेक्षकाकडे तोंड करून असते आणि गोळीच्या दिशेने ताणलेली असते. तिची लांबी म्हणजे गोळीचा वेग गुणिले चौकटीचा काळ. गेम थांबवून चित्र काढले की आकाशात चौदा मीटरची पेटती काठी टांगलेली दिसते, आणि त्यावरूनच लेझरची तक्रार सुरू होते. त्या थांबलेल्या चित्रावरून गेमला दोष देणे अन्यायाचे आहे. पण पुनर्प्रक्षेपणात वेळ मंद केल्यावरही पट्टी तेवढीच लांब राहत असेल, तर ती लांबी मीटरमध्ये पक्की करून टाकलेली आहे, काळावरून काढलेली नाही, हे ओळखावे.

जाडीचा प्रश्न याहून अवघड. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ८० अंशांचे दृश्य असेल, तर दोनशे मीटरवर एक पिक्सेल सुमारे सतरा सेंटिमीटरचा होतो. गोळी सव्वा सेंटिमीटर जाडीची. म्हणजे तिच्या खऱ्या मापाने ती काढताच येत नाही, काढली तर लुकलुकत राहील. म्हणून पट्टीला किमान एक-दोन पिक्सेल जाडी द्यावी लागते. पण मग अंतर वाढते तशी तिची झळाळी कमी करायला हवी. ते केले नाही तर एक किलोमीटरवरचा ट्रेसर पाऊण मीटरहून जाड, तितकाच प्रखर दिवा होऊन बसतो. दुपारच्या उजळ आकाशासमोर ट्रेसर फिका पडतो, गडद जंगलावर उठून दिसतो, रात्री डोळे दिपवतो. दिवसा आणि रात्री ट्रेसर सारखाच चमकत असेल तर त्या गेममध्ये उजेडाचा हिशेब धड केलेला नाही.

आणखी एक बारकावा आहे, जो सहसा कुणी बोलून दाखवत नाही, पण चुकला की काहीतरी बिनसल्याचे डोळ्याला जाणवते. पट्टी कोणत्या दिशेने ताणायची? बॉम्बर विमान सेकंदाला १०० मीटर वेगाने चालले आहे आणि तोफची बरोबर आडवा गोळ्या झाडतो आहे. जमिनीवरून पाहणाऱ्याला गोळी विमानाच्या वेगामुळे सहा-सात अंश पुढे तिरपी जाताना दिसेल. तोफचीला मात्र ती निघताना थेट समोरच जाताना दिसते, कारण पुढचा वेग दोघांचा सारखाच आहे. पट्टी जमिनीच्या हिशेबाने ताणली तर तोफचीच्या नजरेला ती एकीकडे तोंड करून दुसरीकडे सरकताना दिसते. म्हणून दिशा नेहमी पाहणाऱ्याच्या सापेक्ष वेगावरून काढावी लागते.

वळणाचेही तसेच. विमान सेकंदाला वीस अंश वळत असेल, तर गोळी तीनशे मीटरवर पोचेपर्यंत नाक सात-आठ अंश फिरलेले असते. गोळ्या जवळपास सरळच जातात, पण वैमानिकाला ट्रेसरची ओळ वाकून मागे पडताना दिसते. गुरुत्वाकर्षणाने तेवढ्या काळात गोळी पाऊण मीटरच्या आतबाहेर खाली येते, म्हणजे दिसणारा बाक बहुतेक वळणाचाच असतो. ज्या गेममध्ये गोळीची हालचाल मुळातून मोजलेली आहे तिथे हा बाक आपोआप येतो, वेगळा काढावा लागत नाही.

या वाकलेल्या रेघेनेच खऱ्या युद्धात अनेकांना फसवले. ट्रेसर लक्ष्यावरून जाताना दिसला, तरी तो लक्ष्याच्या अलीकडून गेला की पलीकडून, हे लांबून कळत नाही. खोलीचा अंदाज देण्याइतके आपले दोन डोळे एकमेकांपासून दूर नाहीत. त्यामुळे ट्रेसर बघून नेम सुधारणारा माणूस पुष्कळदा चुकीच्या बाजूला सुधारतो. शिवाय पाठीमागून बेसावध गाठलेल्या शत्रूला पहिला चुकलेला ट्रेसर सावध करतो. म्हणून काही वैमानिकांनी पट्ट्यातून ट्रेसर काढूनच टाकले, काहींनी फक्त पट्टा संपत आल्याची खूण म्हणून शेवटी ठेवले. ब्रिटनच्या लढाईत रॉयल एअर फोर्सच्या वैमानिकांना डी वाइल्ड ही आग लावणारी गोळी आवडली, कारण ती वाटेत दिसत नसे, पण लक्ष्यावर लागताच चमकत असे. वॉर थंडरमध्ये बऱ्याच विमानांना ट्रेसरविरहित पट्टा निवडता येतो. अनुभवी खेळाडू तो का घेतात, त्याचे उत्तर या इतिहासातच आहे.

आधुनिक जेटवर तर हा प्रश्न पुष्कळदा उरतच नाही. एफ-१६ ची व्हल्कन तोफ मिनिटाला ६००० गोळे फेकते, पण तिच्यातला एम-५६ जातीचा स्फोटक गोळा ट्रेसर नाही. नेम रडार आणि समोरच्या काचेवरची आकृती सांगते. त्या तोफेतून दिवसा आगीचा सलग झोत निघताना दाखवणारा गेम सिनेमाचे अनुकरण करतो आहे.

ट्रेसर आता मुख्यतः दिसतो तो जमिनीवरून वर जाताना. मे २०२५ मध्ये भारतीय सैन्याच्या एल-७० आणि शिल्का तोफांनी सीमेवर ड्रोन पाडले, तेव्हा अनेकांनी तो मोबाइलमध्ये टिपला. त्याच दिवसांत गेममधली दृश्येही खरी म्हणून फिरली. आर्मा ३ बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीने तर नोव्हेंबर २०२२ मध्येच, आपल्या गेमची दृश्ये युद्धाच्या बातम्या म्हणून वापरली जातात, असे जाहीर निवेदन काढले होते. अशी चित्रफीत समोर आली तर आधी रेघांची जाडी पाहावी: जवळच्या आणि दूरच्या सारख्याच आहेत का? मग आवाज ऐकावा. दोन किलोमीटरवरच्या तोफेचा आवाज पोचायला सहा सेकंद लागतात, त्यामुळे खऱ्या चित्रफितीत ट्रेसर वर चढून जातात आणि धडधड मागून येते. गेममधून उचललेल्या चित्रफितीत ती पुष्कळदा रेघेबरोबरच ऐकू येते.