पिसात शिरलेले तेल

विहिरीवरच्या डिझेल इंजिनातून गळलेले चार थेंब पाण्यावर केवढा सप्तरंगी तवंग पसरवतात, हे नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. समुद्रातील तेलगळतीतही किती टन तेल सांडले, यापेक्षा ते कोठे आणि कोणत्या ऋतूत जाऊन चिकटले, यावर हानी ठरते. वृत्तपत्रे मात्र टनांचेच आकडे छापतात.

गोदावरीच्या पात्रावर घिरट्या घालून माशासाठी पाण्यात सूर मारणारा नदी सुरय मराठवाड्याच्या ओळखीचा आहे. त्याचे सागरी भाऊबंद असाच सूर मारताना तवंगातून आरपार जातात. पिसाच्या दांड्याला फुटलेल्या तंतूंवर आणखी बारीक उपतंतू असतात आणि त्यांवरील सूक्ष्म आकडे एकमेकांत अडकून अशी घट्ट वीण तयार होते, की पाणी बाहेर राहते व हवा आत कोंडून राहते. ही हवा हेच पक्ष्याचे पांघरूण आणि हीच त्याची होडी. तेलाने ही वीण विस्कटली, की पाणी थेट कातडीला भिडते, पक्षी जड होतो आणि त्याला उडता येत नाही. अरबी समुद्राचे पाणी कोमट असल्याने येथे गारठून मरण्याची भीती कमी असली, तरी बुडण्याची आणि उपासमारीची भीती उरतेच. त्यातच तो चोचीने पिसे साफ करू लागतो आणि तेल पोटात जाऊन आतडी, यकृत व मूत्रपिंडे बिघडतात, तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होतो. उबवणाऱ्या मादीच्या पिसांवरून कवचाला लागलेला बारीकसा थेंबही अंड्यातील जीव मारू शकतो.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून सांडलेल्या सुमारे ३७,००० टनांपुढे हा आकडा किरकोळच. पण ते तेल उरण, घारापुरी, अलिबागकडच्या किनाऱ्यांवर जाऊन तिवरांना लागले. तिवरांची, म्हणजे खारफुटीची, श्वासमुळे चिखलातून वर डोकावतात व त्यांवरील छिद्रांतून हवा घेतात. तेलाचा लेप बसला, की झाड उभ्या उभ्या गुदमरते. त्याच चिखलात निवटी, चिंबोऱ्या आणि शिंपल्या राहतात, आणि भरतीचे पाणी ओसरले, तरी बिळांत शिरलेले तेल मागे राहते.

ऑगस्टमध्ये मुंबईतील शिवडीच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे हिवाळी थवे नसतात, त्यामुळे पक्ष्यांची हानी टळली असे वाटू शकते. मात्र पक्ष्यांची प्रेते दिसली नाहीत, म्हणजे पक्षी मेले नाहीत, असे धरणे चुकीचे ठरेल. अलास्कात सुमारे ३५,००० मृत पक्षी हाती लागले, तर एकूण मृत्यूंचा अंदाज अडीच लाखांच्या घरात होता. उरलेले बुडाले, वाहून गेले किंवा इतर प्राण्यांनी खाल्ले. शिवाय पावसाळा सरता सरता उत्तरेकडून टिलवे आणि तुतवार किनाऱ्यावर उतरू लागतात आणि अशाच चिखलात चोच खुपसून किडे वेचतात. त्यांच्या जातीचे पक्षी हिवाळ्यात मराठवाड्यातील तलावांच्या काठीही चरताना दिसतात.