माहेरच्या अंगणात, डोळे मिटून

रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही, ही तक्रार वृद्धांइतकीच त्यांची शुश्रूषा करणारेही करतात. झोपेची गोळी आपल्या मनाने वाढवण्यापेक्षा अंथरुणावरच पाठ टेकून बसावे. श्वास संथ, उच्छ्वास त्याहून दीर्घ ठेवावा; त्याने हृदयाची गती किंचित मंदावते. मग परिचित स्थळ मनात आणावे: माहेरचे अंगण, ओल्या मातीचा गंध, पायांखालचा गार दगड. हिमालय कशाला? जे अनुभवले आहे, तेच मन सहज उभे करते. दुःखद आठवणी दाटल्यास डोळे उघडावेत. श्वास रोखून धरणारा कुंभक टाळावा आणि ध्यान साधले म्हणून रक्तदाबाची गोळी सोडू नये. छातीत दुखल्यास किंवा आडवे होताच धाप लागल्यास मात्र ध्यानाला बसू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे.